गव्हाण झालेली होडी

ती होडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती कडब्याने भरलेली होती आणि एक म्हैस तिच्यात तोंड घालून सावकाश खात उभी होती.

माझी पत्नी त्या माघात तापाने गेली. पुढे आश्विन सरता सरता धारच्या आमच्या दरबारी शाळेला दिवाळीची सुटी लागली, आणि मी तिच्या वडिलांना भेटायला देवासला गेलो. दुखवट्याच्या वर्षात सण नसतोच. दोन पुरुष एका ओसरीवर बसून दिवसभर काय बोलणार? त्यांनी पोथी उघडली की मी माझे पुस्तक उघडीत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पाय मोकळे करायला गोठ्याकडे गेले, मी मागोमाग गेलो. त्यांनी हाताने म्हशीचे तोंड बाजूला सारले आणि म्हणाले, "ही तिची होडी."

होडीविषयी मी सहा वर्षे ऐकत आलो होतो. एका सागाच्या बुंध्यातून कोरलेली, अरुंद, दोन माणसांपुरती. सासरे देवासच्या थोरल्या पातीच्या महसूल खात्यात होते. नर्मदाकाठी दौऱ्यावर गेले असता त्यांनी ती एका नावाड्याकडून घेतली आणि आठ-नऊ वर्षांच्या लेकीला सुटीच्या दिवशी तीत बसवून गावच्या तलावात हिंडवू लागले. देवासला राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, दुसरी दुसऱ्यांची. ती मला सांगे की तलावाच्या बरोबर मध्यावर गेले की तिथे कोणत्याच पातीची हद्द नाही. "तिथे शिपाई नाही, शाळा नाही, आई नाही. तिथे गेलं की कुणाचाच हुकूम चालत नाही." हे खरे की खोटे मी कधी विचारले नाही. सांगताना तिचा आवाज जरा खाली येई, आणि मला वाटे, ती आताही तिथेच कुठे बसलेली आहे.

"नेऊ का मी ही धारला?" मी विचारले.

सासऱ्यांनी होडीच्या काठावरून बोट फिरवले. दावणीच्या साखळ्यांसाठी ठोकलेल्या खिळ्यांची भोके होती. एक टोक गुरांनी चाटून चाटून झिजवले होते आणि आत ओल धरून कुजले होते. तळाला वीतभर लांबीची भेग होती.

"काय करणार नेऊन?"

"नीट करीन. तलावात घालीन."

"तुम्हाला सुतारकाम येतं, जावईबापू?"

"नाही. पुस्तक आहे शाळेत."

ते हसले नाहीत, पण मिशीला हात गेला. "न्या. पण मी बरोबर येईन. वस्तू माझी आहे." 'दिली' असे ते म्हणाले नाहीत, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले. आमच्याकडे मुलीच्या घरी दिलेली वस्तू परत मागत नाहीत. आणि त्या घरचे काही घेतही नाहीत.

हे नीट सांगायला हवे. आमच्या लोकांत मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचे अन्न घेत नाही. जुने लोक पाणीही घेत नाहीत. माझे सासरे जुन्यांतले. सहा वर्षांत ते धारला पाच वेळा आले, आणि पाचही वेळा आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या राममंदिराच्या ओवरीत उतरले. तिथे तीन दगडांवर खिचडी शिजवायची, मंदिराच्या विहिरीचे पाणी स्वतःच्या दोरी-लोट्याने काढायचे, आणि मग तोंड पुसून लेकीकडे गप्पा मारायला यायचे. ती समोर बसे, पंख्याने वारा घाली. तिने त्यांच्यासाठी एक शिसवी पाट आणि एक चांदीचे फुलपात्र निराळे ठेवले होते. ते येणार असे पत्र आले की ती फुलपात्र चिंचेने घासे, पाटाला तेलाचा हात फिरवी, आणि दोन्ही पुन्हा फडताळात ठेवून देई. "एकदा मूल झालं की आधी बाबांना पाणी देईन," असे ती म्हणे. मूल झाले नाही. शेवटच्या तापात तिने एकदा विचारले, बाबा पाणी प्यायले का. मी हो म्हणालो. ते तेव्हा वाटेवर, इंदूरच्या अलीकडे होते. पोचेपर्यंत सगळे आटोपले होते.

मी तिला खोटे सांगितले होते. वर्षश्राद्धाच्या आत ते खरे व्हावे, एवढेच मला हवे होते.

देवास ते धार बैलगाडीने चार दिवस लागले. होडी गाडीवर उपडी बांधली होती आणि तिचे टोक मागे हातभर लोंबत होते. आम्ही दोघे मागून चालत होतो. रस्त्यावरची माणसे थांबून पाहत. हद्दीच्या नाक्यावर नाकेदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"ये क्या है, बासाब?"

"नाव."

"नाव? पाणी तो पांच कोस में कोनी." त्याने जकातीच्या मालाची वही चाळली. "नाव तो म्हारी फेरिस्त में हे ही नी."

सासरे तीस वर्षे अशाच वह्यांत वावरलेले. ते शांतपणे म्हणाले, "तो नांद लिखो, भिया. ढोर की नांद. सागवानी, पुरानी, एक."

नाकेदाराचे समाधान झाले. पुढे गेल्यावर सासरे म्हणाले, "आजवर गव्हाणच होती. आपण खोटं लिहवलं नाही." त्या वर्षात त्यांना प्रथमच थोडे हसताना पाहिले.

घरी आल्यावर मी शाळेच्या कपाटातले ते इंग्रजी पुस्तक काढले. त्यात फळ्या जोडून केलेल्या मोठ्या बोटींविषयी लिहिले होते आणि दूर कुठल्या थंड समुद्राची चित्रे होती. आमच्या होडीला फळ्या नव्हत्याच. तरी मी चार पाने उतरवून घेतली, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. पुस्तकात पहिले वाक्य होते, लाकूड कोरडे असावे. एवढे वाक्य आम्हा दोघांना मनापासून पटले. आमच्या घरांत एखादी वस्तू जपायची म्हणजे तिला ऊन दाखवायचे. धान्याला ऊन, गाद्यांना ऊन, पोथ्यांना ऊन. तेव्हा आम्ही होडी घासून धुतली आणि परसात उन्हात ठेवली. कार्तिकातले कोवळे ऊन कमी पडेल म्हणून दर तासाने ती फिरवली. सासरे तिच्याशेजारी सतरंजीवर बसून चिमण्या हाकलीत होते, जणू वाळवण घातले आहे.

आठव्या दिवशी भेग वीतभराची दीड वीत झाली. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"कोरडं होतंय," मी म्हणालो.

"होतंय खरं," ते म्हणाले.

मग आम्ही ती भरली. कळीचा चुना, गूळ, मेथीचे पाणी आणि अंबाडीचे तुकडे. घराच्या भिंती ज्याने लिंपतात तेच. चांगले ठोकून, दाबून भरले. वरून मी हाताने गुळगुळीत केले आणि पुष्कळ दिवसांनी मला भूक लागली. मी आत जाऊन भात टाकला. सासरे उठून आपल्या ओवरीकडे गेले.

तलावावर एक भोई होता. धारला तलाव पुष्कळ, लोक साडेबारा म्हणतात, पण आमच्या बाजूच्या तलावात शिंगाड्यांचा वेल याच माणसाचा होता. उपड्या मडक्यांच्या तराफ्यावर पालथा पडून तो दिवसभर पाण्यात शिंगाडे तोडी. होडी दाखवावी म्हणून मी त्याला घरी आणले. त्याने होडीभोवती एक फेरी मारली, चुन्यावर नखाने टिचकी दिली आणि खाली बसला.

"किने कर्यो यो?"

"आम्ही दोघांनी."

"माटसाब, आप बच्चा होण के पढाओ हो नी?"

"हो, मुलांना शिकवतो."

"तो ठीक हे. पढाओ." मग त्याचा चेहरा मऊ झाला, बहुधा सासऱ्यांकडे पाहून. "लकड़ी प्यासी हे, बासाब. आपने प्यासी का मूंडा में चूनो ठूंस द्यो. अबे पाणी में जाएगी तो फूलेगी, ने चूनो सरकेगो नी. तो कईं होगो? तड़ाक. आखी फाटेगी."

"मग?" सासऱ्यांनी विचारले.

"चूनो काडो. ने डुबाड़ दो."

"बुडवायची?"

"पंद्रा-बीस दन. पेलां पाणी पिलाओ, पछे घाव भरजो."

चुना काढायला चार दिवस लागले. मी पटाशीने टवके उडवी आणि सासरे ते सुपात गोळा करीत. त्या कामात ते एकदाच बोलले. "तुमच्या काकांचं पत्र मलाही आलं. मुलगी पाहिली आहे म्हणतात."

"मी उत्तर दिलं नाही."

"द्या. तुमचं वय काय. वर्ष झालं की हो म्हणा." त्यांनी सूप झटकले. "मग माझं इथे येणं बरं दिसणार नाही. नव्या सोयऱ्यांना अवघड वाटेल. होडी पाण्यावर ठरली की मी जाईन."

मी पटाशी चालवीत राहिलो. ते बोलले त्यात राग नव्हता. महसुलातला माणूस एका गावचे दप्तर बांधून दुसऱ्याच्या हवाली करतो तसे ते बोलले. माझ्याजवळ होडी पाण्यावर ठरेपर्यंतचेच दिवस होते.

होडी बुडवली तो दिवस मला फार स्पष्ट आठवतो, आणि तरी स्वप्नासारखा. भोयाने ती उथळ पाण्यात ढकलली आणि आम्ही तिच्यात दगड ठेवू लागलो. भेगेतून पाणी आत आले, आधी बारीक, मग सर्व काठांवरून एकदम. ती तिरपी झाली नाही. सरळ, सावकाश, निजायला जावे तशी खाली गेली. कमरेइतक्या पाण्यात तळाशी टेकली तेव्हा वर चार बुडबुडे आले. सासऱ्यांनी हात जोडले, मग कशाला जोडले असे वाटून खाली केले.

त्यानंतर तीन आठवडे मी शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसे. सासरे माझ्या आधी आलेले असत. मार्गशीर्षातले पाणी निवळ होते. ऊन तिरपे असले की होडी दिसे, हिरवट, प्रत्यक्षापेक्षा लांब आणि किंचित हलणारी. बोटाएवढे मासे तिच्यात शिरत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात आणि वळत. आम्ही दोघे पायरीवर बसून एका बुडालेल्या होडीवर लक्ष ठेवीत होतो. कधी एखादे पान वरून वाहत जाई आणि त्याची सावली होडीत बसल्यासारखी मध्यभागी क्षणभर थांबे. एकदा सासरे म्हणाले, "ती तिथेच बसायची. पुढे नाही, मागे नाही. मधोमध."

"हद्द नसलेल्या जागी जायचं म्हणून सांगायची मला."

"तुम्हालाही सांगितलं होतं?" ते पाण्याकडेच पाहत होते. "ते मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं. घरी परत चल म्हटलं की रडायची. मग मी म्हणायचो, मध्यावर आहोत तोवर तुला कोणी बोलावू शकत नाही. तिथून काठाकडे वळलो की रड नाही, काही नाही. तसा करारच होता."

विसाव्या दिवशी भोयाने आणि आम्ही होडी वर काढली. लाकूड काळेभोर आणि जड झाले होते. दीड वीत भेग मिटून केसासारखी रेघ उरली होती. मी तीवरून बोट फिरवले, खाच लागली नाही. भोयाने सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तिला ठेवायला लावले आणि राळ वितळवली. राळेत तो माशाचे तेल घालणार होता. सासरे दोन पावले मागे सरले. बरीच चर्चा होऊन जवसाच्या तेलावर तडजोड झाली. "बामण की नाव हे," भोई म्हणाला, "उपास करेगी." कापसाचा पीळ त्या राळेत बुडवून त्याने रेघेवर हलका, अगदी हलका बसवला. खिळ्यांच्या भोकांत बाभळीच्या खुंट्या मारल्या. कुजलेले टोक तासून त्यावर नवे लाकूड चढवले आणि पत्रा ठोकला.

"बसबा का पाट्या कां हे?" शेवटी त्याने विचारले. बसायला आडवी फळी हवी होती.

मी घरात गेलो. फडताळ उघडले. शिसवी पाट काढून आणला, पाय कापले, आणि भोयाने तो दोन्ही काठांत घट्ट बसवला. सासऱ्यांनी तो कुठला हे विचारले नाही. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

पौष संपायला आला होता. श्राद्धाला चार दिवस होते, पण होडी ठरली की जायचे हे त्यांनी आधीच सांगितले होते. सासऱ्यांनी ओवरीतली वळकटी बांधून ठेवली होती, दुसऱ्या दिवशीची गाडी ठरली होती. त्या सकाळी मी लवकर उठून दुधात पीठ भिजवले आणि दशम्या केल्या. प्रवासाला नेतात त्या. दुधात भिजवलेल्या असल्याने त्यांना सोवळ्याओवळ्याची फारशी अडचण नाही, असा आधार मी मनाशी धरला होता. एकही गोल झाली नाही. फडक्यात बांधल्या, आणि त्या गाठोड्यात फुलपात्रही घातले. ते कसे पुढे करावे हे मला ठाऊक नव्हते.

तलावावर धुके होते. पलीकडचा काठ नव्हताच. होडी पाण्यात शिरली आणि तरंगली. सासरे पाटावर बसले, वल्हे त्यांनीच घेतले. मी समोर तळाशी बसलो. धुक्यात कुठेतरी भोई आपल्या मडक्यांवर होता. त्याचा खोकला ऐकू येत होता, माणूस दिसत नव्हता. वल्ह्याचा आवाज फक्त. पुढे पाणी आणि धुके एकच झाले, आणि आपण वर चाललो आहोत की खाली हे मला कळेना. भीती वाटली नाही.

माझे धोतर ओले झाले तेव्हा ध्यानात आले की नव्या टोकाच्या सांध्यातून थोडे पाणी येत होते.

"उपसा," सासरे म्हणाले. "काही आहे का?"

मी गाठोडे सोडले. त्यांनी हात पुढे केला आणि मी फुलपात्र त्यांच्या हाती दिले. त्यांनी वाकून दोन-तीनदा पाणी बाहेर टाकले, आणि मग ते उजेडात धरले.

"चांदीचं आहे की. कोणाचं?"

"तुमचं."

"माझं?"

"सहा वर्षं ती तुमच्यासाठी घासून ठेवत असे. तो पाटही."

त्यांनी खाली पाटाकडे पाहिले. तळहात त्यावर ठेवला. होडी आपोआप थोडी फिरली. मग मी ते सांगितले. शेवटच्या तापात तिने काय विचारले आणि मी काय उत्तर दिले ते.

त्यांनी वल्हे उचलले आणि चार-पाच वेळा जोराने मारले. धुक्यातून डाव्या हाताला राममंदिराचा कळस दिसू लागला, उजवीकडे पिंपळ.

"मध्य आला का?"

"आला असावा."

"असावा चालत नाही, जावईबापू. हद्दीचं काम नेमकं लागतं." त्यांनी एकदा कळसाकडे, एकदा पिंपळाकडे पाहिले आणि होडी दोन हात मागे घेतली. "इथे कोणाची हद्द?"

"तिच्या म्हणण्याप्रमाणे कोणाचीच नाही."

"कोणाचं घर?"

"कोणाचंच नाही, मामा."

त्यांनी फुलपात्र तलावात खळबळून धुतले, दोनदा, भरले, आणि मान वर करून प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी पाहिली. शेवटचा घोट त्यांनी तोंडात थोडा वेळ धरला. मग फुलपात्र पाटावर पालथे ठेवले.

"त्या फडक्यात आणखी काय आहे?"

"दशम्या."

"केल्या कोणी?"

"मी."

त्यांनी एक उचलली आणि फिरवून पाहिली. "भूगोल शिकवता ना तुम्ही? हा कोणता देश?"

"आफ्रिका असावा."

"असावा," ते म्हणाले, आणि खाऊ लागले. त्यांनी दोन खाल्ल्या. डोळ्यांतले पाणी पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसेच राहिले.

काठाकडे वळलो तेव्हा धुके उडत होते. घरी आल्यावर मी पाणी पुढे केले नाही आणि त्यांनी मागितले नाही. तिथे जुना नेम तसाच होता. दुसऱ्या दिवशी गाडीत वळकटी चढवताना मी पाहिले, त्यांच्या हातात दोरी-लोटा नव्हता. मला वाटले, ओवरीत राहिला. मी आणायला निघालो.

"राहू द्या," ते म्हणाले. "होडीत ठेवला आहे. पाणी उपसायला फुलपात्र लहान पडतं. आणि दर वेळी देवासहून ओझं कशाला आणायचं."